हेसलची उडी, माझी साक्ष

येल्मरने सोमवारी सकाळी तो कागद आणला तेव्हा मी ताकाची पेज ढवळत होते. ही पेज एकदा शेगडीवर चढली की हात थांबवून चालत नाही, लगेच बुडाला लागते. म्हणून मी मागे वळूनही न बघता म्हटलं, "ठेव टेबलावर." पण पोस्टात काम करणाऱ्या माणसाला कागद नुसता ठेवता येत नाही. त्याने तो उभ्या उभ्या वाचून दाखवला.

"मी, खाली सही करणारी हिस्के, शपथेवर सांगते की सन एकोणीसशे आठच्या मार्च महिन्यात माझे पती हेसल यांनी गावाजवळचा मोठा चर काठी न वापरता एका उडीत ओलांडला, आणि ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले."

"पन्नास वर्षं झाली, हिस्केकाकू," येल्मर म्हणाला. "गावच्या मंडळाने ठरवलंय, चराच्या काठावर लोखंडी पाटी लावायची. वर हेसलकाकांचं नाव, खाली 'सात मीटर दहा'. पण मंडळातले लोक म्हणजे कागदाचे किडे. साक्षीदाराची सही पाहिजे म्हणतात. आमचे बाबा असते तर त्यांनी एकाला दोन सह्या ठोकल्या असत्या. आता तुम्ही एकट्याच उरलात. शनिवारी घेऊन जातो."

तो सायकलवर बसून गेला. पेज बुडाला लागली होती. जळका वास घरभर पसरला तरी मी डाव हातात धरून तशीच उभी होते.

कारण ती उडी मी पाहिलेली नाही. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आईला नाही, पाद्रीबाबांना नाही, तिन्ही मुलींना नाही, आणि हेसलला तर नाहीच नाही.

हेसल आमच्या गोठ्यावर गडी म्हणून आला तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि मी दहा. त्याचे पाय इतके लांब की भिंतीतल्या कपाटाच्या बिछान्यात मावायचे नाहीत. तो कपाटाचं दार उघडं टाकून झोपायचा आणि पहाटे धारांना निघालेली माझी आई रोज त्या पायांना अडखळून त्याच्या नावाने बोटं मोडायची. झोपेत तो लाथा झाडायचा. अजूनही झाडतो. माझ्या नडग्यांना विचारा.

बोलणं म्हणाल तर बेताचं. सकाळी धुकं चरांतून वर येऊन कुरणावर पसरतं, गाईंचे पाय त्यात नाहीसे होतात आणि नुसती धडं तरंगताना दिसतात. अशा वेळी हेसल बादली खाली ठेवून उभा राहायचा. बाबा ओरडायचे, "काय बघतोस रे?" तो म्हणायचा, "काही नाही, मालक. इथून काहीच दिसत नाही." आणि हे तो असं सांगायचा की त्या काहीच नसण्यात त्याचं खूप काही आहे असं वाटावं. मी गोठ्याच्या दारात उभी राहून ते ऐकायची. त्याच्या शेजारी उभं राहून मलाही ते काहीच नसलेलं बघायचं होतं. पण मालकाच्या मुलीला दुसरी कामं असतात.

चर बघितला की मात्र हा माणूस बदलायचा. आमच्याकडे शंभर पावलांवर एक चर. लहान चर पोरंबाळंही टांग टाकून ओलांडतात, मोठ्याला काठी लागते. ती पाण्यात रोवायची आणि तिला लटकून पलीकडे जायचं. हेसल मधल्या चरांनाही काठी घ्यायचा नाही. आमच्याकडची जुनी रीतच आहे, बिनकाठीने उडी मारायची तर आधी पायातले लाकडी जोडे काढून पलीकडे फेकायचे. एक, दोन. मग मोजे घातलेल्या पायांनी धावत सुटायचं. जोडे एकदा पलीकडे पडले की माघार नाही. थंडीत अनवाणी घरी येऊन गावभर हसू करून घेण्यापेक्षा पाण्यात पडलेलं बरं.

आणि मार्च आला की अंडी. शेंडीवाली टिटवी कुरणात गवताच्या खळग्यात अंडी घालते, आणि आमच्या गावातला झाडून सगळा पुरुष माणूस ती शोधायला बाहेर पडतो. वर्षातलं पहिलं अंडं ज्याला सापडेल त्याचा महिनाभर थाट असतो. पण त्यात एक गोष्ट फार कडक आहे. अंड्याच्या बाबतीत शब्द म्हणजे शब्द. माझ्या लहानपणी एकाने दुसऱ्याच्या जमिनीतलं अंडं आपल्या कुरणात सापडलं म्हणून सांगितलं होतं. तो मेला, त्याचा मुलगा म्हातारा झाला, तरी त्या घराला गाव अजून 'अंडेचोरांचं घर' म्हणतं. त्यांच्या मुलींची लग्नं तीन गावं सोडून पलीकडे करावी लागली.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी बोलले.

त्या सकाळी मी हेसलला कॉफी घेऊन गेले होते. तो मोठ्या चराच्या अलीकडे शेणखत पसरत होता. धुकं असं की हातातली किटली दिसायची, पण पायाखालचा काठ दिसायचा नाही. मी त्याच्या खोकल्याच्या आवाजावर चालत गेले. तो कॉफी पीत होता तेवढ्यात चराच्या पलीकडून टिटवी उठली. नुसती ओरडली नाही, घरट्यावरून उठताना ओरडते तशी ओरडली. त्यातला फरक आमच्याकडच्या पाळण्यातल्या पोराला कळतो.

"अंडं," हेसल म्हणाला.

"काठी?" मी म्हटलं.

काठी माझ्या आईने आदल्या दिवशी कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकू म्हणून लावली होती. काठी तिकडे ओल्या चादरी सावरत उभी होती, आणि पूल होता अर्ध्या तासाच्या वाटेवर. पलीकडचं कुरणही आमच्या बाबांचंच, पण त्याच्या शेजारी वोबेच्या बापाची जमीन होती. हा वोबे म्हणजे येल्मरचा बाप. तेव्हा पंचविशीचा, मिशीला पीळ देणारा, आणि अंड्यांच्या बाबतीत हेसलचा हाडवैरी. धुक्यात पलीकडे त्याची शीळ ऐकू येत होती. तो जवळ येत होता.

हेसलने कप माझ्या हातात दिला. जोडे काढले. एक पलीकडे गेला, धप्प. दुसरा गेला, धप्प. मग तो मागे मागे जात धुक्यात नाहीसा झाला. मी म्हणत होते, "अरे वेड्या, मोठा चर आहे हा." तो धावत आला तो माझ्या अंगावरून वाऱ्यासारखा गेला, एवढंच कळलं. मोज्यांचा चिखलात पचक पचक आवाज. मग तो आवाज थांबला.

आणि काहीच ऐकू आलं नाही. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. कप हातात गरम होता. मी श्वास धरून पाण्याचा आवाज व्हायची वाट बघत होते. तो झाला नाही. मला वाटलं आता हा माणूस खाली येतच नाही. मग पलीकडून, अगदी शांतपणे, हाक आली.

"हिस्के, दोन आहेत गं!"

मी तिथे चिखलात उभी राहून रडले. आनंदाने की भीतीने, ते विचारू नका. कपातली उरलेली कॉफी मी पिऊन टाकली. ती मला अजून आठवते.

दुपारी सगळे शाळेत फोपे मास्तरांकडे जमले, कारण वोबेने गावभर बोंब मारली होती. "बिनकाठीचा आला म्हणे! मोठ्या चरावरून! आमची खताची होडी तिथे लव्हाळ्यात बांधलेली असते. होडीवर पाय देऊन आलाय हा. आमच्या होडीवरून येऊन अंडं उचललं, म्हणजे अंडं आमचं."

मास्तरांनी मोजणीची साखळी नेऊन मापं घेतली होती. अलीकडे चिखलात बोटांचा खड्डा, पलीकडे टाचांचा. मध्ये सात मीटर दहा. पण मध्ये काय झालं ते चिखलाला माहीत नव्हतं. होडी लव्हाळ्यात होती खरी, सहा-सात पावलं बाजूला. दोर लांब होता. ती हललेली असू शकत होती, नसूही शकत होती.

मास्तर हेसलला म्हणाले, "तू सांग."

हेसलने तोंड उघडलं. आणि तसंच उघडं ठेवलं. एवढा मोठा माणूस, कान लाल झालेले, हातात टोपी चुरगाळलेली. मला वाटलं, चोर म्हटल्यामुळे याची वाचाच बसली. वोबे मिशीत हसत होता. मला अंडेचोरांचं घर दिसलं, त्याचं बंद दार दिसलं, आणि हेसल आमच्या गोठ्यातून पेटी उचलून निघालेला दिसला.

"मी पाहिलंय," मी म्हटलं.

सगळे वळले. बाबाही.

"मी काठावर उभी होते. मध्ये कुठेही टेकला नाही. पाय पोटाशी घेतले होते, हात असे पुढे. होडी पार लांब होती."

"एवढ्या धुक्यात?" वोबे म्हणाला.

"तुझी शीळ ऐकू येत होती तेवढ्या अंतरावरचं दिसतं मला," मी म्हटलं. लोक हसले. संपलं. मालकाची मुलगी, अठरा वर्षांची, कधी खोटं न बोललेली. मास्तरांनी वहीत लिहून घेतलं. हेसल माझ्याकडे बघत होता. ती नजर मला तेव्हा उपकाराची वाटली.

गोष्ट तिथेच संपली असती. पण फोपे मास्तरांना खेळांची वर्तमानपत्रं वाचायचा नाद. त्या उन्हाळ्यात लंडनला ऑलिम्पिकचे सामने व्हायचे होते आणि हेगमधल्या साहेबांना लांब उडीला माणूस हवाच होता. मास्तरांनी साखळीचं माप, शाळेचा शिक्का आणि माझी साक्ष असं सगळं एका पाकिटात घालून पाठवून दिलं. मे महिन्यात उत्तर आलं. हेसलने यावं. मी त्या दिवसापासून नीट जेवले नाही. आई म्हणाली, प्रेमात पडलीस. ते तर होतंच.

लंडनची हकीगत हेसलने मला लग्नानंतर एकदाच सांगितली, तीही तुकड्या-तुकड्यांत. मोठं मैदान, गवत कापलेलं, एकही गाय नाही. वाळूचा लांबट खड्डा. त्याचं नाव पुकारलं तसा तो उडीच्या पट्टीपाशी गेला, जोडे काढले आणि घरच्या सवयीने दोन्ही वाळूत फेकले. धप्प, धप्प. सगळं मैदान हसलं. पांढऱ्या टोपीचा एक पंच लगबगीने आला, त्याने जोडे दोन बोटांत धरून बाहेर ठेवले आणि वाळू सारखी केली. हेसलला त्याची भाषा येत नव्हती. त्याला वाटलं, जोडे नीट पडले नाहीत. त्याने पुन्हा फेकले.

तिसऱ्यांदा फेकल्यावर जोडे काढून घेतले ते परत दिलेच नाहीत. मग त्याने जोड्यांशिवाय उडी मारली. सहा मीटर बारा. दुसरीला पट्टीच्या पुढे पाय पडला. तिसरी सहाच्याही आत.

"का रे?" मी विचारलं होतं. आम्ही गवताच्या गंजीशी बसलो होतो.

"बाकीच्यांना वाळूत पडायचं होतं," तो म्हणाला. "मला पलीकडे जायचं होतं. तिथे पलीकडे असं काही नव्हतंच, हिस्के. सगळं अलीकडेच होतं."

लंडनहून गावात परत आला तेव्हा वोबे पुलावर उभाच होता. "सहा बारा? मग उरलेला एक मीटर कुठे गेला? चरात बुडाला का?" उत्तर दिलं ते दूधवाल्याने, मग लोहाराने, मग सगळ्यांनी. "गप रे, हिस्केने पाहिलंय." पुढची कितीतरी वर्षं हे वाक्य गावात चाललं. बाबांनी लग्नाला होकार दिला तोही असाच. गड्याला मुलगी द्यायची त्यांची तयारी नव्हती. पण ज्याच्यासाठी आपल्या मुलीने भर शाळेत साक्ष दिली आणि जो लंडनला जाऊन आला, त्याला नाही कसं म्हणणार? म्हणजे बघा, माझा सगळा संसार त्या एका शब्दावर उभा.

मग वर्षं गेली. त्यांचं काय सांगायचं? गाई व्याल्या, मुली झाल्या, बाबा गेले, गोठा आमच्या नावावर झाला. एका वर्षी गाईंच्या तोंडाखुरांना रोग आला आणि निम्मी दावण रिकामी झाली. त्या दिवशी हेसल संध्याकाळी चरावर जाऊन बसला. परत आला तेव्हा म्हणाला, "एकदा सात मीटर दहा गेलोय मी. यातूनही जाऊ." लंडनचा सहा बारा त्याने कधीच आपला मानला नाही. त्याचा होता तो सात दहा. तो त्याने कुणापुढे मिरवला नाही, पण रात्री उशाला घेऊन झोपायचा, आणि झोपेत लाथा झाडायचा तो मला वाटतं त्यासाठीच. प्रत्येक लाथेला माझा जीव खालीवर व्हायचा.

गंमत वोबेची. वय झालं तसं त्याचं वैर विरघळलं. आधी म्हणायचा, "उडी मारली असेल बुवा." मग म्हणायला लागला, "मी तिथेच होतो, पलीकडे." शेवटी शेवटी तर दारूच्या दुकानात हात पसरून दाखवायचा, "असा आला माझ्या डोक्यावरून, आणि मी वर बघतोय!" येल्मर तेच ऐकत मोठा झाला. पाटीची कल्पना त्याचीच. जो बाप उडी नाकारत होता त्याच्या मुलाला ती लोखंडात लिहायची होती, आणि माझ्या हातून पेन उचलवत नव्हतं.

सोमवारी रात्री जेवताना हेसल म्हणाला, "पेज जळलीय." मग म्हणाला, "येल्मर भेटला. सही केलीस?"

"चष्मा सापडत नाही."

"डोक्यावर आहे."

मंगळवारी मी म्हटलं, दौतीतली शाई वाळलीय. बुधवारी तो शेजारच्या गावात जाऊन केस कापून आला आणि येताना शाईची बाटली आणली. बहात्तर वर्षांत या माणसाने स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. साखरपावाचा दुसरा तुकडासुद्धा नाही. आणि आता तो आरशासमोर उभा राहून रविवारच्या कोटाची बटणं लावून बघत होता. मला म्हणाला, "पाटी पूर्वेकडे तोंड करून लावा म्हणून सांगू का गं? सकाळचं ऊन पडेल." मी बटाटे सोलत होते. बटाट्याबरोबर बोटही सोललं.

सही करायला काय लागतं? एक रेघोटी. तोंडाने बोललेलं खोटं वाऱ्यावर जातं, पन्नास वर्षांत त्याचे कोपरे झिजतात. पण शपथेचं, कागदावर, त्याच्या नावाशेजारी? मला ते होईना. आणि सही नाही केली तर त्याची ती उडी मीच त्याच्या उशाखालून काढून घेणार. चार दिवस मी हेच गिळत होते.

गुरुवारी सकाळी मी डोक्याला रुमाल बांधला. "चल, चरावर जाऊ."

लख्ख दिवस होता. वारा असा की तीन गावांच्या चर्चचे मनोरे एका ओळीत दिसत होते. हेसल पुढे, मी मागे. चर आता तेव्हापेक्षा रुंद झालाय, काठ ढासळलेत. पलीकडच्या कुरणातलं एकेक पातं दिसत होतं. त्याने जागा दाखवली, "पाटी इथे रोवतील. की थोडी वर?"

"हेसल," मी म्हटलं, "मी पाहिलं नव्हतं."

"काय?"

"उडी. धुकं होतं. तू माझ्या बाजूने गेलास आणि मग मला काही म्हणजे काही दिसलं नाही. मास्तरांना सांगितलं ते सगळं मनाचं होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. वाऱ्याने त्याचे नवे कापलेले केस उभे राहिले होते.

"पाय पोटाशी घेतले होते म्हणालीस तू."

"हो."

"हात पुढे म्हणालीस."

"मनाचंच रे."

"पन्नास वर्षं," तो म्हणाला. मग ओरडला. इतक्या वर्षांत माझ्यावर न ओरडलेला माणूस, वाऱ्यावर ओरडला. "पन्नास वर्षं, हिस्के! मी लंडनला कशाच्या जोरावर गेलो गं? त्या लोकांत कशाच्या जोरावर उभा राहिलो?"

तो पाठ फिरवून चराच्या काठाकाठाने चालत गेला. बारीक होत होत मनोऱ्यांइतका लांब गेला. मी गवतात बसले. गार होतं, ओल वर येत होती, पण उठले नाही. मनात म्हटलं, हिस्के, आज तू विधवा झालीस आणि नवरा मात्र जिवंत आहे. तो परत आला नसता तरी माझं काही म्हणणं नव्हतं.

तो आला. बऱ्याच वेळाने. माझ्या शेजारी गुडघे कुरकुरत खाली बसला आणि पाण्याकडे बघत बोलायला लागला.

"मध्यावर माझ्या डाव्या पायाला काहीतरी लागलं होतं."

मी मान वळवली.

"कठीण होतं. निसटतं लागलं. होडीची कड असेल. पाण्यातलं ढेकूळ असेल. माझाच दुसरा पाय असेल. मला कळलंच नाही. शाळेत मी तेच सांगायला तोंड उघडलं होतं."

"हेसल."

"तेवढ्यात तू म्हणालीस, पाहिलंय. मध्ये कुठेही टेकला नाही. मी मनात म्हटलं, हिने बाहेरून पाहिलंय, हिला माझ्यापेक्षा जास्त दिसलं असेल. भास झाला असेल मला. तेव्हापासून मी ते पायाला लागलेलं विसरायला बघतोय. दर वेळी आठवलं की म्हणायचं, नाही, हिस्केने पाहिलंय."

म्हणजे तो माझ्या डोळ्यांवर विसंबून होता आणि मी त्याच्या पायांवर. मला हसू आलं आणि ते बाहेर पडता पडता रडणं झालं. मी म्हटलं, "मी गप्प बसले असते तर तू खरं बोलला असतास."

"बोललो असतो."

"आणि मी तुला बोलू दिलं नाही."

"नाही दिलंस," तो म्हणाला. रागाने नाही. दावणीला गाय बांधलीय का विचारल्यावर सांगावं तसं. मग त्याने माझा सोललेल्या बोटाचा हात घेतला आणि आपल्या कोटाच्या खिशात घातला.

आम्ही बसून राहिलो. पलीकडे एक टिटवी चालत होती, दोन पावलं, थांबायची, दोन पावलं. तिचा डोळासुद्धा दिसत होता, इतका स्वच्छ दिवस.

"सही करू नकोस," तो म्हणाला. "येल्मरला मी सांगतो. पाटी नको. ते लोखंड कुंपणाला वापरा म्हणावं."

"काय सांगशील?"

"सांगेन, साक्षीदार नाही. आम्ही दोघंही तिथे नव्हतो."

टिटवी उडाली, आमच्या डोक्यावरून एक चक्कर मारून गेली. हेसलने डोळे मिटून घेतले.

"पण मला सांग," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"तू मास्तरांना सांगितलंस ते. सगळं. मी पुन्हा कधी विचारलंच नाही तुला. एकदाच ऐकलंय, तेही घाबरलेला असताना."

"खोटं आहे ते, हेसल."

"माहीत आहे. सांग."

मग मी सांगायला लागले. तू मागे मागे गेलास, म्हटलं. वीस पावलं. मग आलास, मान खाली, मोजे चिखलाने काळे. काठावर तुझा उजवा पाय पडला आणि काठ दबला, पण ढासळला नाही. मग तू वर आलास. पाय पोटाशी, हात पुढे, तोंड उघडं, लहान मुलासारखं. खाली पाणी होतं आणि त्यात आकाश होतं आणि तू त्या दोन्हींच्या मध्ये होतास, आणि होडी दूर होती, हेसल, होडी खूप दूर होती, लव्हाळ्यात, दोर ताणलेला. तुझ्या सदऱ्यात वारा भरला होता. एवढं बोलून मी थांबले.

"थांबू नकोस गं," तो डोळे न उघडता म्हणाला. "मी अजून हवेत आहे."

मी सांगत राहिले.